भाऊबीज चुकवताना

लंडन,
गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

सौ. ज्ञानेश्वरीताईस,
ओंकारचा नमस्कार. दाजींनाही सांग, चिमीला पापा. सुखरूप पोचलो. तिसगावला पाऊस उघडला का? वेचायला आलेली कपाशी भिजली नसेल ना? इथं सकाळपासून नुसती पिरपिर चालू आहे.

भाऊ आला नाही म्हणून तू आज चंद्राला ओवाळलं असशील. "चंद्र तरी येळेवर येतो, ह्या टोणग्याला काय झालंय!" असं दाजींना ऐकवलंही असशील.

सुप्याच्या एमआयडीसीतल्या माझ्या कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलं म्हणालो, ते खोटं होतं. कंपनीला दिवाळीची सुट्टी आहे. बुलेट दुरुस्तीला नाही टाकली, विकली. हे फोनवर बोललो असतो तर तू आवाजावरून सगळं ओळखलं असतंस आणि मी ओरडलो असतो. म्हणून लिहून व्हॉट्सॲपवर पाठवतोय.

शहर लई मोठं. नदीचं पाणी आपल्या प्रवरेच्या पुरासारखं गढूळ. पुलावर छत्री उलटी झाली ती तिथंच कचऱ्यात टाकली. मग दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. काचेवरनं पाणी ओघळत होतं, बाहेरचं काही दिसत नव्हतं. शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हर वर आला, आपल्याकडचाच निघाला, म्हणाला, "भाई, उतरो." उतरलो आणि त्याच बसमध्ये परत चढलो. तो हसला, "घर नहीं है क्या?"

कुठं जायचं ते ठाऊक होतं. जायचं नव्हतं एवढंच.

यामिनी इथं शिकते. आपल्या शेजारच्या इंदूकाकूंची यामिनी. कॉलेजात मी एका पोराचं नाक फोडलं आणि पुन्हा वर्गात पाय ठेवला नाही, ते भांडण क्रिकेटवरून नव्हतं, ताई. तो हिच्याबद्दल बोलला होता.

काकूंनी तिच्यासाठी फराळ दिला होता. सकाळी त्यांचा फोन आला, "बरा आजच पोचलास रे! तिला सख्खा भाऊ नाही. ताट करून ठेव म्हणून सांगितलंय तिला." तिकीट काढताना कंपनीच्या सुट्ट्या बघितल्या, तिथी कोण बघतो? एकदा तिनं ओवाळलं की मी जन्माचा भाऊ. म्हणून आजचा दिवस कसाही घालवायचा, उद्या जायचं, असं ठरवून भिजत फिरलो.

पण संध्याकाळपर्यंत थकलो. गेलो.

"अरे, किती भिजलास! होतास कुठे?"
"शहर बघत होतो."
"पाठीवर फराळ घेऊन?"

टेबलावर ताट होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन नाही म्हणून छोटी मेणबत्ती. पाटाच्या जागी घडी घातलेलं ब्लँकेट. ती लायटर हातात घेऊन उभी राहिली.

"ओवाळू का?"

काय काय बोलायचं ते विमानात घोकलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "नको."

तिनं लायटर खाली ठेवला. "वाटलंच होतं. आईसाठी नाही केलं मी हे ताट, ओंकार. तुला विचारता यावं म्हणून केलं." मग हळूच म्हणाली, "माझ्या मनात तसं कधीच नव्हतं रे."

मी चिडेन असं तिला वाटलं असावं, ती जरा मागं सरकली. ते बघून फार वाईट वाटलं. ताई, दार आपटण्याइतकीही ताकद उरली नव्हती. चहा प्यालो. काढून ठेवलेले ओले बूट पुन्हा घातले.

दारात ती म्हणाली, "ओवाळून घेतलं असतंस तर येणं-जाणं तरी राहिलं असतं."

खरं होतं तिचं. पण मी म्हणालो, "मला बहीण आहे," आणि जिना उतरलो.

रविवारी मुंबईत उतरतो. घरी न जाता थेट तिसगावला येईन. आईला काही कळवू नको, मलाही काही विचारू नको. तिथी उलटून गेली असली तरी ताट कर.

फक्त तुझाच भाऊ,
ओंकार