हेलिकॉप्टरबद्दल कुणी बोलायचं नाही

मंगळवार, ४ नोव्हेंबर

संपलं! संसदेच्या परराष्ट्र समितीने हो म्हटलं. म्हणजे मीही हो म्हटलं — तोंड न उघडता!

वाळवंटातल्या मोहिमेवर आपली तुकडी आणखी एक वर्ष ठेवायची, असं सरकारच्या मनात आहे. अधिकारी आले, दार लावून घेतलं आणि मग हळूच सांगितलं — जखमींना उचलून न्यायला जे हेलिकॉप्टर होतं, ते ज्या मित्रदेशाचं होतं त्याने परत नेलं. दुसऱ्यासाठी बोलणी चालू आहेत. तोवर रस्त्याने न्यायचं. रस्त्याने म्हणजे पाच तास. आणि हे सगळं गुप्त. का, तर मित्रदेशाचं वाईट दिसेल!

तिथे माझी लेक विल्या आहे. राखीव दलातून आपणहून गेलेली, परिचारिका म्हणून. म्हणजे ते पाच तास जखमी माणूस तिच्याच हवाली असणार.

मी बोलायला म्हणून श्वास घेतला. आमच्या फिनलंडात बोलण्याआधी माणूस जरा थांबतो, आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. लहानपणापासून अंगात मुरलेलं. पण अध्यक्ष तोर्स्तीला आज ट्रेन गाठायची होती. "कुणाला काही म्हणायचंय?" — आणि लगेच हातोडा! एकमताने मंजूर.

कॉफीच्या टेबलाशी त्याला गाठलं. "मला बोलायचं होतं."

"मग बोलायचंस की, मार्केत्ता! पण बोलणार कोण म्हणून होतीस? खासदार म्हणून, की आई म्हणून?"

वर वेलचीच्या पावाची बशी पुढे केली. रागाच्या भरात दोन खाल्ले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

विल्याचा फोन. तिचा करार डिसेंबरात संपतोय. आणखी सहा महिने राहायचं का, ते तिला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. "आई, तुला काय वाटतं?" — आयुष्यात पहिल्यांदा विचारलं कार्टीने! आणि मी काय सांगितलं? "तुझं तू ठरव." शी!

इल्मारी भांडी पुसत ऐकत होता. "एवढी गप्प का गं?"

"काही नाही."

"तुझं काही नाही म्हणजे काहीतरी असतंच," म्हणाला, आणि अंगणातली सौना, वाफेची न्हाणी, तापवायला निघून गेला. नवऱ्याला सांगता येत नाही, पोरीला सांगता येत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना बोलायचंच नाही. डोकं फुटायची वेळ आली आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज सभागृहात चर्चा. चर्चा म्हणे! दुपारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, म्हणून कॅन्टीन तुडुंब. चार वाजता प्रश्नोत्तरं, कॅमेरे, म्हणून सभागृहही भरलेलं. आमचा विषय पुकारला आणि बघता बघता बाकं रिकामी. कुणाला ट्रेन, कुणाला कॉफी.

पहिल्याने कागद वाचला. दुसऱ्याने बहुतेक तोच कागद वाचला. तिसरा आपल्या गावच्या कारखान्यातल्या चिलखती गाड्यांवर घसरला — अस्सल फिनलंडचं पोलाद, केवढा रोजगार! मागून कुणीतरी ओरडलं, "एक घरी ने की रे, अंगणातला बर्फ ढकलायला!" सगळे हसले. चर्चेत जीव होता तो तेवढाच.

मग मी. या वेळी थांबले नाही. उभी राहिले आणि सुरूच केलं. "तिथे आपलं माणूस जखमी झालं, तर ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर किती तासांनी पोचेल? समितीला जे सांगितलं गेलं, ते मला इथे सांगायची मुभा नाही. मंत्र्यांना आहे. त्यांनी सांगावं."

मंत्र्यांनी कागद चाळले. "व्यवस्था पुरेशी आहे," म्हणाले आणि खाली बसले. पुरेशी! कुणाला पुरेशी? मतदान वगैरे नाहीच. सभापती म्हणाल्या, चर्चा संपली. की संपली.

तोर्स्ती माझ्याकडे बघेना. न का बघेना! मला बरं वाटतंय, या आठवड्यात पहिल्यांदाच. छावणीत ही भाषणं दिसतात. विल्या हुशार आहे, नुसत्या प्रश्नावरून ओळखेल. उद्या नाही म्हणून सांगेल आणि नाताळला घरी असेल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गटनेत्याने बोलावून झापलं. "गुप्त ते गुप्त!"

"मी काय फोडलं?"

"फोडलं नाहीस. पण काहीतरी आहे, हे आता सगळ्यांना कळलं."

"मग चर्चा आणखी कशाला म्हणतात?"

मी कोट घातला आणि निघाले. विल्याचा फोन लागत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

विल्याचा निरोप आला. आहे तसा उतरवते.

"आई, तुझं भाषण आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिलं. हेलिकॉप्टर गेलंय ते आम्हाला रोजच दिसतं, त्याच्या जागेवर आता आम्ही व्हॉलीबॉल खेळतो. तुला घोर नको म्हणून मी बोलले नव्हते. सहा महिने राहायची सही मी गुरुवारी सकाळीच, तुझ्या भाषणाआधी, करून टाकली होती. आम्हाला वाटायचं, तुम्हा लोकांना हे माहीतच नाही, म्हणून आम्हाला इथे ठेवलंय. त्यामुळे तुझं भाषण ऐकेपर्यंत कुणाचा राग नव्हता."