हव्वाच्या लेकीचं नाव

३ नोव्हेंबर, रविवार
प्रयोगशाळेतले हातमोजे मोठे, मुखपट्टीनं नाक सोलवटतं, वर आत चहा प्यायचा नाही म्हणे. कामाला माणूस ठेवलंय की घोडा? डॉक्टर इनासला पहिल्याच दिवशी सुनावलं. ती हसली. बाई चांगली आहे. अलेक्झांड्रियात एवढी उजेडाची जागा मला कुणी दिली होती? आजवर मोहल्ल्यातल्या मेलेल्या बायका न्हाऊ घातल्या, आता काचेची भांडी धुवायची. काम तिनंच समजावलं. बशीत माणसाच्या पेशी वाढवतात. प्रत्येकीतलं एकेक जनुक की काय, ते मुद्दाम मोडतात आणि वर विषाणू सोडतात. जी वाचते, तिच्यात जे मोडलेलं, त्याच्याच आधारावर तो जगत होता हे कळतं. "त्याचं स्वतःचं काही नाही, खाला. दाराची कडी घरमालकाची, चूलही त्याचीच." घरी नात मिस्कला सांगितलं. आईविना वाढलेली पोर, मला आजीला तेता म्हणते, पण जीभ तिखट. म्हणे, तेता, म्हणजे आपल्या काकासारखाच. दोघी खूप हसलो.

५ नोव्हेंबर, मंगळवार
आज विचारलं, या पेशी कुणाच्या? डॉक्टर म्हणाली, कुठल्याशा परदेशी बाईच्या. ती वारून जमाना झाला, पेशी अजून वाढताहेत. नाव? ठाऊक नाही, नुसता क्रमांक. पुरलं कुठं? तिनं खांदे उडवले. म्हणजे अर्धी मातीत, अर्धी बशीत.

१० नोव्हेंबर, रविवार
वाचलेली एक बशी तपासून झाली, ती वाफेच्या पेटीत शिजवायला माझ्या हातात दिली. माणसाचं अंग शिजवू? अबायाखाली लपवून घरी आणली. तीनदा न्हाऊ घातली, शेवटचं पाणी कापराचं. अंगणातल्या लिंबाखाली पुरली. मेलेल्याला आईच्या नावानं हाक मारतात; ते माहीत नसलं की हव्वाचं लेकरू म्हणतात. शेख कबरीवर बोलतो ते मीच बोलले: ऐ हव्वाच्या लेकी, कबरीत फरिश्ते तुला विचारायला येतील, घाबरू नकोस, उत्तर दे. माती मिस्कनं लोटली. मन हलकं झालं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
डॉक्टर ती बशी शोधत फिरतेय. म्हणते, आमची चूक झाली, ती वाचलेली नव्हतीच. विषाणू आतच होता, गुपचूप. त्यानं दुसरी कडी शोधली होती. मी भांडी घासत राहिले.

१३ नोव्हेंबर, बुधवार
मिस्कला ताप. घरभर कापराचा वास. भर दुपारी दाराची कडी आपोआप वर उचलली गेली. मी पाहिली. बाहेर कुणी नाही—

१४ नोव्हेंबर, गुरुवार
डॉक्टरला सगळं सांगितलं. ओरडली नाही, पांढरी पडली. मिस्कला सगळ्यांपासून वेगळं, काचेच्या खोलीत ठेवलंय. मी लिंबाखाली खणलं. बशी सापडली. झाकण घट्ट. आत काही नाही, चाटूनपुसून—

१६ नोव्हेंबर, शनिवार
काचेपलीकडून पोर म्हणाली, "मला आईच्या नावानं हाक मार."
मी म्हटलं, मिस्क, सुआदची लेक.
तिनं मान हलवली. "ती नाही. तूच म्हणालीस उत्तर दे. ते विचारताहेत. मला नाव माहीत नाही."

१७ नोव्हेंबर, रविवार
जीभ माझ्या पोरीची, आवाज पोरीचा. तिचं स्वतःचं काही नाही—
इनास, ऐक. क्रमांक नको मला. त्या बाईचं नाव, तिच्या आईचं नाव, कुठूनही काढ. देशोदेशी विचार. पोर दिवसेंदिवस कमी होतेय, दुसरीच भरतेय. गुरुवारपर्यंत सांग. गुरुवारी उत्तर नाही आलं तर मी आत जाईन, म्हणेन माझं घर घे, हिला सोड—
गुरुवार. ऐकलंस?
काचेच्या खोलीला कडीच नाही, तरी आतून कडी उचलल्याचा आवाज—