भिंत मीच पाडली होती

आण्णा, तुमच्याबद्दल मी चुकीचं सांगत आले, ते आधी दुरुस्त करते. कुणी विचारलं की मी सांगायचे, माझी पहिली भिंत वाकडी झाली म्हणून गवंडी असलेल्या माझ्या वडिलांनी ती पाडली. तुम्ही नव्हती पाडली. कळंब्याचं ते बांधकाम. मी अजून शाळेत जात नाही, तुम्ही मला विटांवर बेरीज शिकवताय. मी चार थर रचते. भिंत सरळ आहे का बघायला तुम्ही ओळंबा सोडता, दोरी भिंतीपासून लांब राहते, आणि तुम्ही काही बोलायच्या आत मीच लाथ मारते. "पाडलीस कशाला गं? बरी हुती की. हुबी ऱ्हायली आस्ती." एवढंच म्हणालात.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता मी एका मैत्रिणीबरोबर कॉम्प्युटरवरचा घरं बांधायचा खेळ बनवते. त्यात मी नियम घातला, ठोकळा जरा रेषेबाहेर गेला की भिंत कोसळणार. मैत्रीण सांगून थकली, "अगं, लोक पहिल्या भिंतीलाच खेळ सोडून जातात." वडिलांची शिकवण आहे म्हणत मी अडून बसले.

परवा दुपारी आईला खेळायला बसवलं. तिसऱ्यांदा भिंत पडली तसा तिने माऊस बाजूला सारला. "इथंबी पडंल म्हणून भ्यायचं आसंल, तर खऱ्या घरानं काय घोडं मारलंय?"

मी नियम तेवढ्यापुरता बंद केला. आणि आण्णा, तुम्ही बघायला हवं होतं! ठोकळा उचलायचा, हवा तिथे ठेवायचा. तिला एकदाही मला विचारावं लागलं नाही. चहा निवून गेला. तिने स्वयंपाकघर छपरावर नेलं, खिडकी जोतिबाच्या डोंगराकडे काढली, आणि गोठा चक्क अधांतरी, खाली एक खांब नाही.

"आई, म्हैस वर चढणार कशी?"

"ती तिथंच जल्माला आलीया. तू गप बस."

मला हसू आवरेना. इतकं धीट घर मी आजवर बांधलं नाही, आणि ते तिला बांधता आलं माझ्या खेळात!

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करते. तुमचं नाव पुढे केलं की कुणी वाद घालत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सोमवारी सकाळी दहाला, कामाला बसल्या बसल्या, मैत्रिणीला खरं सांगणार आहे आणि तिच्यासमोर तो नियम काढून टाकणार आहे.