तुझ्या ब्लॉगवर अजून कुणाला सांगितलं नाही

प्रिय सुनीता,

विसरभोळी ती विसरभोळीच राहिलीस बघ! चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधायचीस, ते एक वेळ चालून गेलं. पण माणसानं जाताना ब्लॉगचा पासवर्ड तरी कुणाच्या कानात सांगावा की न्हाय? तुझी लेक अश्विनी पुण्यात बसून काय काय घालून बघत होती. तुझं नाव, तिचं नाव, म्हशीचं नावसुद्धा! शेवटी तुझा तो फुटक्या काचेचा मोबाईल दत्तानं चार्जिंगला लावला, अन् त्यात ते आपोआप उघडलं.

म्हणून हे पत्र. मी सांगतेय अन् तुझा नवरा, माझा दत्ता, लिहितोय. एका बोटानं, कोंबडीनं दाणे टिपावे तसा.

हसू नकोस. मला लई भीती वाटतेय.

उघडलं तेव्हा वाटलं, बरं झालं. मग अश्विनीनं फोनवर वाचून दाखवलं, खाली बायकांनी काय काय लिहिलंय ते. "ताई, कुठं आहात?" "ताई, दिवाळीच्या पाडव्यानंतर काहीच लिहिलं नाही, माहेरी गेलात का?" नागपूरकडची एकजण विचारते, "ताई, तुमच्याकडची येळवस, ती शेतातल्या जेवणाची अमावस्या, जवळ आली असेल. शेतात न्यायच्या त्या मिसळीच्या भाजीत, भज्जीत, यंदा काय काय घालणार?" अगं, त्यांना कुणालाच माहीत नाही! इथं तेर गावात माहीत, तुझ्या माहेरी माहीत, दूध न्यायला येतो त्याला माहीत. त्या ब्लॉगवर मात्र तू अजून जिती आहेस.

ते ऐकून मला आधी काय वाटलं सांगू? बरं वाटलं.

"दत्ता, राहू दे," मी म्हणाले. "एक जागा तरी राहू दे."

"आई, त्या वाट बघायल्यात."

"बघू दे की. वाट बघत्यात तवर ती हाय."

तुझ्या साड्या वाटून झाल्या, दाराशी तुझी चप्पल असायची ती गेली. आता तिथंही सांगितलं की तू सगळीकडूनच गेलीस. कसं सांगायचं गं?

पूर्वी बरं होतं. मयताचं कार्ड यायचं त्याचा कोपरा फाडलेला असायचा. बाहेरच वाचायचं, घरात न्यायचं नाही. मला अक्षर येत नाही, पण तेवढं एक कार्ड मलाही वाचता यायचं. तू नवी नवरी असताना माझ्या लेकीच्या, कमलच्या सासरहून तसंच कार्ड आलं होतं, आठवतंय का? की तेही विसरलीस? कोपरा गेलेला बघून मी अंगणात बसकण मारली अन् गळाच काढला. गल्ली गोळा झाली. शेजारीण तर जावयाचं नाव घेऊन रडायला लागली! तू पिठाच्या हातानं बाहेर आलीस, कार्ड वाचलंस, अन् पदर तोंडात कोंबलास. "आत्या, वन्संना मुलगा झालाय. कोपरा उंदरानं खाल्लाय."

अन् पुढं अश्विनी पुण्याला गेली, घर तुला खायला उठलं, तेव्हा मोबाईल घेऊन बसलीस. तर पहिल्यांदा काय लिहावंस? माझं ते रडणं! घरची अब्रू गावोगाव वाटलीस. चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. मग कुणीतरी लिहिलं की आमच्या सासूबाईंनी पण असंच केलं होतं, तेव्हा मीच म्हणाले, "आज काय लिहितीस? म्हशीचं लिही की."

तुझी आई आजारी पडली तेव्हा सगळं बंद ठेवलंस. पुन्हा लिहायला बसलीस तेव्हा मी विचारलं, "एवढ्या दिसांनी त्यास्नी काय सांगशील?" तू म्हणालीस, "सांगते की, कुठं गेले होते ते." तुला सोपं होतं, बाई. तू जाऊन परत आली होतीस!

मी तर राहूच देणार होते. पण काल अश्विनीनं त्या नागपूरच्या बाईचं आणखी एक वाचलं. "ताई, रागावलात का? माझं काही चुकलं असेल तर माफ करा."

ते काही माझ्या डोक्यातून जाईना. तू रागवायचीस, पण माझ्यावर. परक्या बाईवर कधी? तुझ्यावर हा आळ मी कसा राहू देऊ?

म्हणून आज दत्ताला म्हणाले, लिही. 'सुनीता पाडव्यानंतर तापानं गेली.' त्यानं लिहिलं. मग वाचून दाखव म्हणाले. चष्मा वाचला, म्हैस वाचली, तुझ्या त्या ओळीपाशी आला अन् ती गाळून एकदम पुढचंच वाचायला लागला.

"मधलं?"

"हाय की."

"वाच मग."

"हाय म्हणलं ना, आई."

मला काय कळतंय! त्यानं लिहिलं नसतं तरी मला कळणार नव्हतं. अन् खरं सांगते, घटकाभर वाटलं, नसलेलंच बरं. मग म्हणाले, "कुठं हाय ते दाखव." त्यानं माझं बोट धरून काचेवर ठेवलं. एवढुसं होतं गं ते! डाळीत खडा निघावा एवढं. मग त्यानं वाचलं. मोठ्यानं. तू गेल्यापासून त्याच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं.

भीती गेली असं समजू नकोस. हे वाचून त्या बायका निघून गेल्या तर? दत्ता पुन्हा गप्प झाला तर? अन् मी तरी किती दिवस पुरणार? परवा भज्जीत कोणकोणत्या शेंगा घालायच्या ते सांगताना मधेच अडले, अन् तुला हाक मारली.

पण शब्द देते. दर बाजाराच्या दिवशी दत्ता पिशवी ठेवून हातपाय धुऊन आला की आम्ही दोघं बसू. मी सांगेन, तो लिहील. घरचंच. तुझ्या खोड्यासुद्धा सगळ्या सांगणार, आता अडवायला कोण येतंय? बंद पडू देणार नाही.

अजूनही तुझी सासूच,
गोदाबाई

ता. क. : हे वाचणाऱ्या बायांनो, ज्या घरातलं माणूस जातं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारणी पिठलं-भाकरी आणून देतात. तुमची घरं लांब, तेव्हा फुलांची चित्रं नकोत. आपापल्या घरचं पिठलं कसं करता, तेवढं खाली लिहून पाठवा. नागपूरच्या ताई, तू आधी पाठव. तिखट जरा हात राखून घाल, दत्ताला सोसत नाही.