माडबंदरच्या चौकीवर पाठवलेली हळद

वसमत,
६ एप्रिल २०२५

चि. शिवकन्या हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र आणि सोबतचे कागद मिळाले. इकडे आम्ही दोघंही बरे आहोत. ऊन आतापासूनच डोक्यावर बसलं आहे. हळदीची उकडणी, वाळवणी उरकली. मुंजाजीचं शेत बांधाला लागून असल्यामुळे मजुरांची ओढाताण झाली नाही. त्याच्या कढईत आपली हळद उकडते आणि आपल्या खळ्यावर त्याची वाळते, हे तुला माहीत आहेच. तुझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण राखणीवरून त्यांना उठवण्याची कोणाची हिंमत नाही. पुनमला सांग, आजोबांनी तिच्यासाठी दोन पुस्तकं काढून ठेवली आहेत.

आता तुझ्या मुद्द्याकडे येतो.

तुझ्या कागदांवरून मला समजलं ते असं. माडबंदरच्या समुद्रकाठची जुनी तोफचौकी, तिच्या दगडी बराकी आणि टेहळणीचा बुरूज यांची लष्कराला आता गरज राहिलेली नाही. पहारा उठवला, फाटकाला कुलूप लावलं. जागेचा लिलाव होण्याआधी ती शहराला मिळावी, असा ठराव तुमच्या नगरपालिकेने केला आहे. खालच्या बराकींत वादळाच्या दिवसांत कोळ्यांना निवारा आणि वरच्या दालनात नगरपालिकेचं वाचनालय, म्हणजे तुझं वाचनालय. ठराव चांगला आहे. त्यातलं मराठी सरकारी वाटत नाही, त्यामुळे मसुदा कोणाचा हे मला विचारावं लागलं नाही.

मे अखेरच्या जाहीर सुनावणीत मी येऊन बोलावं, असं तू लिहितेस. त्या चौकीवर ज्यांची माणसं होती, त्यांच्यापैकी कोणी बोललं तर ती जागा लिलावात घेऊ पाहणाऱ्या हॉटेलवाल्यांच्या वकिलांसमोर वजन पडेल, असंही लिहितेस.

शिवकन्या, सरकारी जमीन ही लोकांची जमीन आहे, हे मी उभ्या आयुष्यात किती ओट्यांवरून सांगितलं असेल. गायरानाच्या लढ्यात पोलिसांनी माइक काढून घेतला, तेव्हा मी माइकशिवाय बोललो आणि शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू गेलं. तेव्हा तत्त्वाचा प्रश्न असेल तर माझं उत्तर तुला ठाऊक आहे.

पण मला येणं जमणार नाही. जयंतीचे कार्यक्रम आहेत. मे महिन्यात कुठली जयंती, असं विचारू नकोस. आपल्याकडे जयंती कधी संपते ते तू पाहिलं आहेस. सेनगावला शब्द दिला आहे, हिंगोलीला दिला आहे. घसाही बसतो अधूनमधून. तिकडचा माणूस बोलला तर ते अधिक शोभेल. इथला माणूस समुद्राबद्दल काय बोलणार?

कागदात एक शब्द आहे, 'अतिरिक्त मालमत्ता'. तो तुझा नाही, खात्याचा आहे, हे मला समजतं. तरी तो वाचून मी कागद घडी घालून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा उघडला नाही. ज्या जागेवर कोणी उभं राहून पहारा दिला, ती अतिरिक्त कधीपासून होती? काल झाली, की तो उभा होता तेव्हाही होती?

असो. हळद नेहमीप्रमाणे चौकीवर पाठवली होती. त्याबद्दल सवडीने लिहीन.

तुझे बाबा,
हरिचंद खिल्लारे

*

वसमत,
२७ एप्रिल २०२५

चि. शिवकन्या,
जयभीम.

परवा फोनवर तू एवढंच विचारलंस, "बाबा, खरं कारण काय?" मी रेंज नाही म्हणालो आणि फोन ठेवला. रेंज होती.

खरं कारण लिहितो. त्याआधी हळदीचं लिहावं लागेल.

रणजीतची नेमणूक त्या चौकीवर झाली, त्या वर्षी त्याच्या आईने पहिल्या कढईची हळद वेगळी वाळवली. माझा जुना पांढरा सदरा फाडून पिशवी शिवली, तोंडही सुईदोऱ्याने शिवून बंद केलं, आणि मी वर निळ्या शाईने पत्ता लिहिला: नाईक रणजीत हरिचंद खिल्लारे, तोफचौकी, माडबंदर. कढईतली पहिली हळद घरातल्या बाहेरगावी असलेल्या माणसाची, ही तिच्या माहेरची रीत. दरवर्षी तेच चाललं. वादळाच्या वर्षानंतरही.

तू तिथे होतीस, तुला मी काय सांगणार. पण मी ते आजवर कधी लिहिलेलं नाही, म्हणून एकदा लिहितो. होडी खडकावर फुटली होती. त्याने कमरेला दोर बांधून दोन कोळ्यांना बाहेर काढलं. तिसऱ्यासाठी पुन्हा उतरला. वरच्या जवानांनी दोर ओढला तेव्हा तो हलका लागला. समुद्राने त्या कोळ्याला तिसऱ्या दिवशी परत दिलं, रणजीतला दिलं नाही. सरकारने कागदावर काय ते ठरवलं, तुझं निवृत्तिवेतन सुरू झालं. आमच्या घरात मात्र कोणी काहीच ठरवलं नाही.

पुढच्या हंगामात चतुराबाईने पुन्हा पिशवी शिवली आणि माझ्यापुढे ठेवली. "पत्ता लिवा," म्हणाली. मी लिहिला. आठ ओळींचं भाषण करून ज्याने लोकांच्या अंगातली देवी उतरवली आहे, त्या माणसाने मुकाट्याने टोपण काढलं आणि लिहिलं. मला वाटलं, पिशवी परत येईल आणि समुद्रच तिला सांगेल. पण पिशवी परत आली नाही. पहाऱ्यावरच्या कोणा हवालदाराने ती घेतली आणि कार्ड धाडलं: "माताजी, हल्दी मिली. जवानों ने दाल बनाई." जवान बदलत गेले, पण कार्ड येत राहिलं. जाणारा येणाऱ्याला सांगून जात असावा.

यंदा पिशवी परत आली. शिक्का होता, 'येथे कोणी नाही'. तुझं पत्र त्याच आठवड्यात आलं. पोस्टमन देऊन गेला तेव्हा चतुरा खळ्यावर होती. मी पिशवी कपाटात ग्रंथांच्या मागे दडवली. त्या दिवशी मुंजाजी चहाला आला होता. म्हणाला, "मास्तर, तुमचं तोंड बंद हाय म्हंजी गावात कुणी तरी मेलं असंल." थट्टाच होती त्याची. मग माझ्याकडे पाहिलं आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेला.

तेव्हापासून ती रोज विचारायची, "आलं का कार्ड?" मी म्हणायचो, "येईल. पोस्टाचं काय सांगता येतं."

गुरुवारी मी सेनगावहून आलो. भाषण रंगलं होतं, सत्य बोलायला धैर्य लागतं या विषयावर. गळ्यातला हार अजून हातात होता. बुद्धपौर्णिमा जवळ आली म्हणून तिने पुस्तकं उन्हात घालायला काढली होती. अंगणभर ग्रंथ उघडे पडले होते आणि त्यांच्या मधोमध ती बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

"हे वापस आलं व्हय?"

"हो."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

मी म्हणालो, "चौकी बंद झाली. तिथे आता कोणी नसतं. फाटकाला कुलूप आहे."

ती पिशवीवरचा पत्ता बोटाने चाचपत राहिली. तिला वाचता येतं, तरी चाचपत राहिली. मग म्हणाली, "कुलूप लावलं तर त्यो आल्यावर कुठं जाईल?"

हे खरं कारण आहे, शिवकन्या. मला अडवतं ते सेनगावही नाही आणि घसाही नाही. ती चौकी लष्कराची होती तोवर माझा मुलगा मला पहाऱ्यावरच होता. लांब, फाटकाच्या आत, जिथे कोणाला विचारायला जाता येत नाही. तुमच्या सुनावणीत उभं राहायचं म्हणजे तो गेला हे मोठ्या आवाजात बोलायचं. आणि माझ्या आवाजाला हळू बोलणं येत नाही.

विहाराच्या देणगीफलकावर पोरांनी त्याच्या नावाआधी 'कालकथित' रंगवलं होतं, आपल्यात गेलेल्या माणसाच्या नावाआधी लिहितात तसं. मी ते ब्लेडने खरवडून काढायला लावलं. म्हणालो, अक्षर वाकडं आलं आहे. अक्षर अगदी सरळ होतं.

तू माझ्यावाचून बोल. तू बोलशील ते माझ्यापेक्षा बरं असेल.

बाबा

*

वसमत,
१९ मे २०२५

शिवकन्या,

आम्ही येत आहोत. दोघेही.

मागच्या पत्रानंतर पंधरवडाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पौर्णिमेला विहारातून परत आलो, पांढरं पातळ न बदलताच ती उंबऱ्यावर बसली. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "चतुरा, रणजीत येणार नाही. तो त्याच दिवशी गेला."

एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

ती रडली नाही. मग म्हणाली, "तुमी उपास सोडा म्हणले, मी सोडले. ताईत काढ म्हणले, काढला. तुमी म्हणलं आणि मी मानलं न्हाई, असं कदी झालं का? हे एकच तुमी कदी म्हणलं न्हाई. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस हे म्हणत न्हाई, मंग काही तरी आशा असंल."

मी गप्प राहून तिला सांभाळतो आहे असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ती माझ्या गप्प राहण्यावर विसंबून वाट पाहत होती.

रडली ती नंतर, पिशवी उसवताना. हळकुंडं सुपात ओतली, चांगली निवडली, आणि पुन्हा त्याच कापडात भरून शिवली. पत्त्याची बाजू आत गेली आहे. बाहेर काय लिहू, असं मी विचारलं. म्हणाली, "काही नका लिवू. मी हातानं देईन. मला समुंदर पाह्यचाय."

मुंजाजीने रेल्वेची तिकिटं काढली. जनावरांना चारापाणी तोच बघणार आहे. "मास्तर, तिकडं लई बोलू नका," म्हणाला, "वहिनीकडं ध्यान ठिवा."

सुनावणीत मी बोलेन. हॉटेलवाल्यांविरुद्ध जे बोलायचं ते बोलेनच. तिथे माझा घसा बसणार नाही. आपल्या हिंगोलीलाही एके काळी फौजेची छावणी होती. फौज निघून गेली, नंतर तिथे रस्ते झाले, घरं झाली. तिथे कोण उभं राहिलं होतं, हे आज कोणाला सांगता येत नाही. माडबंदरचं तसं होऊ नये, हेही सांगेन. पण एक मागणी माझी आहे, ती तुझ्या ठरावात आधीच घालून ठेव. मला त्याचा पुतळा नको, पाटी नको, रस्त्याला नाव नको. जागा शहराला मिळाली तर त्या फाटकाशी रात्रंदिवस एक माणूस असावा. वादळात कोणी धावत आलं, किंवा दुरून कोणी काही घेऊन आलं, तर दार उघडणारा. एवढं लिही.

आज सकाळी विहारात जाऊन आलो. पोरांना ब्रश मागितला. खरवडलेल्या जागी रंग नीट धरत नाही, म्हणून दोनदा गिरवावं लागलं. या वेळी अक्षर खरोखरच वाकडं आलं आहे. तसंच राहू दिलं.

स्टेशनवर तू एकटीच ये. आम्हाला आधी समुद्राकडे ने, घरी मग जाऊ.

कालकथित नाईक रणजीत खिल्लारे याचा बाप,
हरिचंद