चित्रातला घोडा

नाशिक, कार्तिक वद्य पंचमी, शके १८५६. सायंकाळ.

आज चित्रात मुद्दाम एक घोडा काढला. घाटावर घोडा नव्हता.

आजारात शाळा सुटली तेव्हापासून ही भीती आहे, की मला नसलेले दिसते. म्हणून रोज खिडकीतून दिसणारा घाट पेन्सिलीने काढतो आणि वहिनींना दाखवतो. त्या खिडकीशी येऊन पडताळतात. त्यांनी होय म्हटले की झोप लागते. पायरीवर एकटा बसणारा काळ्या टोपीचा माणूसही त्यांच्या होकारानेच खरा झाला. तो कोणाशी बोलत नाही. मला त्याची सोबत वाटते.

पण आज त्यांच्या होकाराचीच शंका आली. वहिनींनी चित्र घेतले, बाहेर पाहिले. "होय भावजी, सगळं जागच्या जागी आहे."

"घोडासुद्धा?"

"तर काय. पांढराच आहे ना? चला, भाकरी निवतेय."

"वहिनी, घोडा मी मनाने घातला."

त्या पदराला हात पुसत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वैद्यबुवांनी सांगितलंय, तुम्हाला नाही म्हणायचं नाही."

रागावू कसा? मायेनेच केले. पण मग इतक्या दिवसांचे होकार? आणि तो काळ्या टोपीचा माणूस? विचारून तरी काय, त्या होयच म्हणतील.

जेवून पुन्हा खिडकीशी बसलो आहे. तो पायरीवर आहे. चित्र मांडीवर आहे. त्यातल्या एका घोड्याबद्दलच माझी खात्री आहे. तो तिथे नाही.