पाणी येत नाही, असं मामा म्हणाले होते

१ ऑगस्ट ७६, रविवार
पाच दिवस उघडीप नाही. लाकडं ओली, चूल धुमसते, डोळे आणि डोकं दोन्ही तापलेली. माहेरी, साताऱ्यात, असा पाऊस लागला की भजी तळायचो. इथे सांगलीजवळ, नदीकाठी, पाऊस लागला की सगळे मामांकडे येतात. माझे सासरे, पण गावाचे आण्णा. पाण्याच्या कडेला काठी रोवून बघतात नि सांगतात, चढणार की ओसरणार. एवढ्या वर्षांत एकदाही चुकले नाहीत म्हणे.
आज शेजारची हौसा आली. माझ्याच वयाची. नवरा मिलिटरीत, घरात ती एकटी आणि गाभण म्हैस चंद्री. "आण्णा, म्हस वरच्या आळीला हलवू का?" मामा म्हणाले, "न्हाई येत पानी. निवांत झोप."
आम्हीही निवांत.

३ ऑगस्ट, शाळेत
काल लिहिणं झालं नाही. पहाटे पाय खाली टाकला तो पाण्यात. आधी वाटलं, घागर कलंडली. यांना हलवून उठवेपर्यंत उंबरा दिसेना. वर महाबळेश्वराकडे रात्रभर कोसळला म्हणे. इथली काठी त्याला काय करणार.
होडी कुठली? गुऱ्हाळावरची काहील आणली, उसाचा रस उकळायची. त्यात मी, मामा, जोंधळ्याचं पोतं. हौसा येईना. गोठ्याकडे हात करून ओरडत होती. हे छातीएवढ्या पाण्यातून दावं कापायला गेले. उशीर झाला होता. चंद्री दाव्यालाच बुडाली.
मामांनी ते पाहिलं. मग हौसाला काहिलीत ओढून घेतलं.

४ ऑगस्ट
एका वर्गात चार बिऱ्हाडं. मी ही वही पदरात बांधून आणली, पोळपाट विसरले. हे म्हणाले, आता वहीवर लाट चपात्या. तेवढंच हसलो.
मामा जेवत नाहीत. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर अन्न घेत नाही, आणि इथे मदतीचं जेवण येतं दिवेलागणीला. आम्ही दोघांनी नियम गुंडाळून ठेवला. मामा म्हणतात, "माझं व्रत हाय." व्रत खरंच आहे. पण त्यांच्यासाठी वेगळी ठेवलेली भाकरी सकाळी दिली, तर तीही शिवले नाहीत. मला काय कळत नाही? भिंतीकडे तोंड करून बसतात. हौसा त्याच वर्गात, समोरच्या भिंतीशी.

५ ऑगस्ट
आजही नुसतं पाणी, तेही मी गाळून दिलं म्हणून. चिडले मी. म्हटलं, मामा, तुम्हाला काही झालं तर मला रागावणार कोण? हसले नाहीत.
संध्याकाळी जरा उघडलं. ऊन शाळेच्या कौलांवर आलं होतं, जाईल आता असं. तेवढ्यात हौसा पटांगणातून पळत आली. तीन विटा मांडून भाकरी थापली होती तिने. "आण्णा, उठा. दिस हाय अजून. कांदालसूण काय न्हाई, नुसतं मीठ हाय." मामा तिच्याकडे बघेनात. ती ताटली धरून तशीच उभी. "आवं, मावळंल की!"
घेतला घास. रडत रडत अख्खी भाकरी खाल्ली. मीही रडले, नाव धुराचं केलं. भाकरी एका बाजूने करपली होती.

१२ ऑगस्ट
घरी. घोट्याच्या वर गाळ. भिंती उभ्या आहेत, न्हाणी वाहून गेली. दोन दिवस खराट्याने नुसता चिखल ओढतोय, कंबर राहिली नाही.
मामा नदीकडे फिरकत नाहीत. कोणी विचारलं तर, "मला इचारू नगा." हौसाचं दार वाटेत लागू नये म्हणून बस्तीत, आमच्या जैन देवळात, दर्शनाला मागच्या गल्लीने जातात. इतका मोठा फेरा, त्या गुडघ्यांनी. त्या भाकरीनंतर तर तिच्यासमोर उभंच राहवत नाही त्यांना. तिने एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

९ सप्टेंबर
पर्युषण संपलं. आज क्षमेचा दिवस. बस्तीत सगळे एकमेकांना हात जोडत होते, चुकलंमाकलं माफ करा. मामांनी मलाही जोडले. "सुमन, लय तरास दिला तुला." किती चांगला आहे हा माणूस.
पण शेजारी गेले नाहीत. दुपारी दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. मी येऊ का बरोबर, विचारलं. म्हणाले, "कुठल्या तोंडानं जाऊ? माफी मागून म्हस परत येती व्हय?"


१२ सप्टेंबर, रविवार
कालपासून परत लागलाय. घाट पाण्याखाली.
आत्ता हौसा आली, डोक्यावर पोत्याची खोळ. मामा ओसरीवर. उठून आत निघाले तर ती पुढ्यात उभी. मग त्यांनी हात जोडले. "हौसा, माझं चुकलं. तवा मी..."
तिने पदराने तोंड पुसलं. "ते न्हाई इचारलं मी. पानी येतंय का, ते सांगा."
मामांनी पावसाकडे बघितलं. मग म्हणाले, "मला न्हाई सांगता येत, पोरी. तू सामान बांध."
"आन् आलं न्हाई तर?"
"तर गाठोडी सोडू परत. मी येतो सोडायला."
दोघं तिच्या घरी गेलेत. भिंतीपलीकडून भांडी उतरवल्याचा आवाज येतोय, आणि मामांचा, हे घे, ते ऱ्हाऊ दे. इकडे हे मला हाका मारतायत, पोती उचलायला. पाऊस आहेच.